जिन्याच्या लाईटला दोन टोकं असतात, स्मार्ट डिमर घेताना दोन्ही बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांब होणार आहे. जागा कमी पडली तर माझ्या घरचं कापा पण वायरिंगचं कापू नका एवढी विनंती, कारण सध्या आमच्या वडगाव शहापुरात आणि तिकडे अनगोळ टिळकवाडीतही घरोघरी फोनवरून चालणारी बटणं बसवायचं चाललंय, आणि जिन्याच्या लाईटपाशी आलं की सगळे अडकतात. आम्हीपण अडकलो.

आमचं घर जुनं आहे, खाली मागाची खोली आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या माडीवर, न्हाणी-संडास खाली परसात. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रात्रीत दोनदा तरी त्यांना खाली उतरावं लागतं. जिना दगडी, पायऱ्या उंच आणि मधे एक वळण. लाईटला खाली एक बटण, वर एक बटण, कुठूनही लावा कुठूनही बंद करा, टू-वे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांनी वरचं बटण दाबलं, नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब एकदम डोळ्यावर आले, डोळे मिटले गेले आणि दुसऱ्याच पायरीवर पाय चुकला. कठडा हातात होता म्हणून वाचल्या. वय झालं की अंधारातून उजेडात यायला डोळ्याला वेळ लागतो, तरण्या माणसाला ते कळत नाही. कुणी म्हणेल मग झिरोचा बल्ब लावा की, तर तोही लावून बघितला, पण संध्याकाळी सुताची पेटी घेऊन मुलगा त्याच जिन्यानं वर जातो तेव्हा त्या उजेडात वळणावरची पायरी दिसतच नाही. म्हणजे एकच लाईट, संध्याकाळी पूर्ण आणि रात्री मंद, आणि दोन्ही टोकांवरून हातानं चालणारी. आम्हाला एवढंच पाहिजे होतं. आणि बारा वाजले की आपोआप मंद व्हावी म्हणून स्मार्ट, नाहीतर सासूबाई काय रात्री फोन उघडून लाईट कमी करणार आहेत का.

मुलानं ऑनलाईन एक वायफायचा डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारं बटण, मागवला आणि ओळखीच्या पोराकडून खालच्या बोर्डात बसवून घेतला. फोनवरून उजेड कमीजास्त होत होता, दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी सवयीनं वरचं बटण दाबलं तर लाईट गेली ती गेलीच, खालून लागेना, फोनवरून लागेना, फोनमध्ये डिमर ऑफलाईन दिसायला लागला. पोरगं म्हणालं वरचं बटण आता वापरू नका, त्यावर टेप मारा. मला ते अजिबात पटलं नाही. ज्या माणसासाठी एवढं केलं ते माणूस वर झोपतं, आणि त्याच्याच हातातलं बटण काढून घ्यायचं?

असं का झालं ते मला नंतर समजलं. टू-वे बटणाच्या मागे दोन नाही, तीन स्क्रू असतात. एक कॉमन आणि दोन बाजूचे. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज (करंट घेऊन येणारी जिवंत वायर) येतो, वरच्या बटणाच्या कॉमनमधून वायर बल्बकडे जाते, आणि दोन्ही बटणांच्या मधे दोन वायरी धावतात. दोन्ही बटणं एकाच वायरीवर टेकली की लाईट लागते, वेगवेगळ्या वायरीवर असली की बंद. साधी गोष्ट आहे आणि कितीतरी वर्षं चाललीय. पण त्यातलं एक बटण काढून तिथं डिमर बसवला की तो दोनपैकी एकाच वायरीवर लाईन सोडतो, आणि वरच्यानं बटण दुसरीकडे पाडलं की रस्ताच तुटला. शिवाय आमच्या खालच्या बोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) नव्हता, म्हणजे डिमरला स्वतःला जागं राहायला जो थोडा करंट लागतो तो बल्बातूनच जात होता, रस्ता तुटल्यावर तोही गेला, म्हणून ऑफलाईन. मग दोन्हीकडे डिमर लावू म्हणाल तर तेही चालत नाही, डिमर करंटच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापूनच उजेड कमी करतो, आणि एकानं कापलेली लाईन दुसरा परत कापतो, बल्ब लुकलुकतो आणि डिमर खराब होतो. दोन टोकांच्या लाईटला डिमर एकच. दुसऱ्या टोकाला त्याच कंपनीचं जोडीचं बटण पाहिजे, त्यातून बल्बाचा करंट जात नाही, ते फक्त डिमरला सांगतं की लाव, बंद कर, वाढव, कमी कर. हे जोडीचं बटण काही कंपन्या वायरीवरचं देतात, काही बिनवायरीचं देतात, नाण्यासारखी सेल घालून भिंतीला चिकटवायचं. काही डिमर असेही आहेत की दुसरीकडे जुनंच टू-वे बटण राहिलं तरी चालतात, पण ते कागदावर स्पष्ट लिहिलेलं असलं तरच घ्या, दुकानदारानं नुसती मान डोलावली म्हणून घेऊ नका.

आता अमेरिकेचं सांगते, कारण बेळगावात प्रत्येक दोन घरांआड कुणीतरी तिकडे आहे. माझ्या भाच्याला कळलं तसं त्यानं येणाऱ्या माणसाबरोबर तिकडचा एक चांगला डिमर पाठवला, त्याच्या डब्यावर थ्री-वे लिहिलेलं. आम्ही म्हटलं आपलं तर टू-वे आहे. तर तसं नाही, आपण ज्याला टू-वे म्हणतो त्यालाच अमेरिकेत थ्री-वे म्हणतात, आपण जागा मोजतो आणि ते स्क्रू मोजतात असं समजा. इंटरनेटवर वाचताना हा घोळ भल्याभल्यांचा होतो. पण खरी अडचण नावाची नाही, तिकडची लाईन १२० व्होल्ट ६० हर्ट्झची आणि आपली २३० व्होल्ट ५० हर्ट्झची. १२० व्होल्टचा डिमर आपल्या लाईनवर लावला की जळणार, आगही लागू शकते. शिवाय त्याचा आकार आपल्या मॉड्युलर प्लेटमध्ये बसतही नाही. भाच्यानं प्रेमानं पाठवला होता म्हणून कपाटात ठेवलाय, भिंतीत लावला नाही. तिकडून काही आणणार असाल तर आधी त्याच्या पाठीवरचे व्होल्ट वाचा.

शेवटी आम्ही एका जुन्या वायरमनना बोलावलं. गोकाककडचे, बोलणं सगळं कन्नडात आणि मधे मधे मराठी. त्यांनी डबा उघडूनसुद्धा बघितला नाही. "मोदल लाईन नोडोण अक्का," म्हणजे आधी लाईन बघूया. मेन बंद केलं, दोन्ही बोर्ड खोलले, टेस्टर लावला आणि माझ्या वहीत आकृती काढून दाखवली. सगळ्यांनी करायचं काम हेच आहे, आणि उलट आपण काय करतो तर आधी सेल लागला म्हणून डबा घेतो आणि मग भिंत खोलतो.

मेन बंद करण्याबद्दल एक सांगते, त्यांनी मला तीनदा सांगितलं म्हणून. जिन्याच्या बोर्डात बऱ्याच वेळा खालच्या मजल्याची लाईन आणि वरच्या मजल्याची लाईन अशा दोन्ही येतात. वरच्या मजल्याचा एमसीबी (त्या लाईनचा वेगळा खटका) पाडला म्हणजे वरचा बोर्ड मेला असं समजू नका, खालून आलेली वायर जिवंत असू शकते. म्हणून मेनच बंद करायचं, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही. जुन्या घरात तर वायरीच्या रंगावर पण भरवसा ठेवता येत नाही, न्यूट्रल काळा आणि अर्थिंग हिरवं हे नियमाप्रमाणे, पण जिन्याच्या दोन वायरी ओढताना त्या दिवशी जी रिंग हाताला लागली ती वापरलेली असते. आमच्याकडे दोन्ही काळ्या निघाल्या, आणि बटण फिरेल तसा फेज कधी एकीत तर कधी दुसरीत. त्याहून वाईट प्रकार म्हणजे काही जुन्या घरांत वायर वाचवायला दोन्ही बोर्डांत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आणून जिना जोडलेला असतो, त्यात लाईट बंद असली तरी होल्डरमध्ये करंट राहू शकतो, बल्ब बदलताना शॉक बसतो. असं निघालं तर डिमरचा विचार सोडा, आधी ती जोडणी बदलून घ्या.

न्यूट्रलचं पुढचं. आपल्याकडे ज्या बोर्डात प्लग असतो तिथं न्यूट्रल असतोच, कारण प्लगला लागतो. पण जिन्याच्या तळाला नुसतं एक बटण असेल तर तिथं न्यूट्रल बहुतेक नसतो. स्मार्ट बटणाला चोवीस तास थोडा करंट लागतो, वायफाय चालू ठेवायला. न्यूट्रल नसला की बिनन्यूट्रलचा प्रकार घ्यावा लागतो आणि मग तो करंट बल्बातून जातो, आणि एलईडीला एवढासा करंट पण पुरतो, त्यामुळं बंद केलेला बल्ब रात्रभर मिणमिणतो नाहीतर मधेच एकदा चमकून जातो. त्याला बायपास म्हणून छोटा कपॅसिटर मिळतो, तो बल्बाला पॅरलल लावायचा, त्यानं बऱ्याचदा थांबतं. आमचं नशीब की वरच्या बोर्डात प्लग होता.

त्यामुळं वायरमननी जे केलं ते मला फार आवडलं. बटणाच्या जागी बसणारा डिमर न घेता बोर्डाच्या आत मागे बसणारं छोटं डिमर मॉड्यूल घेतलं, काड्यापेटीएवढं असतं. ते वरच्या बोर्डात घातलं, जिथं न्यूट्रल होता. जिन्याच्या दोन जुन्या वायरींपैकी एक कायमचा फेज वर आणायला वापरली आणि दुसरी खालच्या बटणाचा निरोप वर आणायला. नवीन वायर एक फूटही ओढावी लागली नाही, दगडी भिंत फोडावी लागली नाही. आणि टू-वे बटणं काढून दोन्हीकडे बेल पुश लावले, आपण दाराच्या घंटीला लावतो तेच, आमच्या मॉड्युलर प्लेटच्याच मापात मिळाले. हलकं दाबलं की लाईट लागते किंवा बंद होते, दाबून धरलं की उजेड हळूहळू चढतो, सोडून परत धरलं की उतरतो. साध्या वरखाली होणाऱ्या बटणानं पण असलं मॉड्यूल चालतं, सेटिंग असतं, पण त्यानं फक्त चालू-बंद नीट होतं, उजेड कमीजास्त करायला बेल पुशच पाहिजे. आणि असे पुश पाहिजे तेवढे पॅरलल जोडता येतात, वळणावर पण एक लावायचा विचार आहे. सासूबाईंना दोन मिनिटांत जमलं. त्यांच्यासाठी वरचा पुश जरा खाली घेतला, काठी टेकून उभं राहिलं की हाताशी येतो.

एक धोक्याची गोष्ट इथं राहू नये. न्यूट्रल वरच्या मजल्याचा आणि फेज खालच्या मजल्याचा असा उसना न्यूट्रल वापरू नका. दोन्ही मजल्यांना वेगळे एमसीबी किंवा वेगळे आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारे खटके) असतील तर आरसीसीबी सतत ट्रिप होईल, आणि ट्रिप झाला नाही तर ते जास्त वाईट, कारण एक मजला बंद करून काम करणाऱ्या माणसाला त्या न्यूट्रलमधून झटका बसू शकतो. आमच्या घराला सगळ्या लाईटींना एकच एमसीबी आहे म्हणून चाललं. तुमच्याकडे वेगळे असतील तर त्याच सर्किटचा न्यूट्रल ओढून घ्या, फिशिंग करून, म्हणजे जुन्या पाईपातूनच ओढून, एक वायर जास्त जाते.

आता बल्ब. डिमर नीट बसला तरी दुकानातला साधा एलईडी बल्ब मंद होत नाही. त्याच्या आतला ड्रायव्हर त्यासाठी बनवलेलाच नसतो, मग तो लुकलुकतो, गुंईऽऽ असा आवाज करतो, किंवा अर्ध्यावर आला की भप्पकन बंद होतो. डब्यावर डिमेबल असं लिहिलेलाच घ्यायचा. आमच्या गल्लीतल्या दुकानात मिळाला नाही, खडेबाजारात दोन दुकानं फिरल्यावर मागवून दिला. शिवाय डिमरची कमीत कमी वॅटची मर्यादा असते, ती कुणी बघत नाही. जुने डिमर शंभर-शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बांसाठी बनवलेले, त्यांना निदान चाळीस वॅट तरी पाहिजे असतात, आणि आपल्या जिन्यात आता सगळे मिळून अठरा. एलईडीला ट्रेलिंग एज प्रकारचा, म्हणजे लाटेचा मागचा भाग कापणारा, डिमर जास्त मानवतो, आवाज कमी आणि मंद उजेड स्थिर. आणि वरची मर्यादापण बघा, ४०० वॅट लिहिलं असलं तरी ते जुन्या बल्बाचे, एलईडीचे त्याहून बरेच कमी, डब्यावर वेगळं लिहिलेलं असतं. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये सगळ्यात कमी उजेड किती ठेवायचा ते ठरवता येतं, आम्ही तो असा ठेवलाय की पायरीची कड दिसते आणि डोळे दिपत नाहीत. एका दुकानात मला सांगितलं होतं पंख्याचा रेग्युलेटर लावा, स्वस्तात होईल. कृपा करून लावू नका. रेग्युलेटर पंख्याला, डिमर दिव्याला, आणि उलटही नाही, डिमरवर पंखा चालवला तर पंखा घुमतो आणि डिमर तापतो.

स्मार्ट बल्बाचं पण बरेच जण विचारतात. बल्बच वायफायचा घेतला की डिमर लागत नाही हे खरं, पण भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. घरात चार माणसं असली की कुणीतरी बटण बंद करणार, आणि बल्बाला लाईनच नाही म्हटल्यावर फोन काय करणार. दोन टोकांच्या जिन्यात तर दोन बटणं, म्हणजे घोळ दुप्पट. आणि स्मार्ट बल्ब डिमरच्या मागे तर कधीच जोडू नका.

आपल्या भागात जून लागला की लाईट जायला सुरुवात होते, खानापूरकडे तर विचारू नका, झाडं पडतात. म्हणून दोन गोष्टी घेण्याआधीच विचारा. लाईट परत आली की हे बटण काय करतं? पूर्ण उजेडानं चालू होतं, बंद राहतं, की आधी होतं तसं येतं? हे सेटिंग नसलेला माल आम्ही परत केला, रात्री दोन वाजता लाईट आली आणि सगळा जिना लख्ख पेटला तर कुणाची झोप राहील. दुसरं, नेट बंद असताना भिंतीवरचं बटण चालतं का. चाललंच पाहिजे. फोन आणि वायफाय ही वरची सोय आहे, बटण ही गरज आहे. आणि जिन्याची लाईट इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर साईन वेव्हचा आहे का ते बघा, जुन्या स्क्वेअर वेव्हवर डिमर गुणगुणतो, बल्ब फडफडतो, काही तर बंद पडतात.

संपादक साहेब, आता खरं मागणं. या वस्तूंच्या डब्यात जो कागद येतो तो इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि आकृती बहुतेक परदेशातल्या घराची. आमच्याकडे वायरमन कन्नड बोलणारे, घरवाले मराठी बोलणारे, दोघांचं भिंतीपुढं उभं राहिल्यावर नीट जमतं, पण तो कागद दोघांनाही उपयोगाचा नाही. कंपन्यांना एवढा माल आपल्या भागात विकायचा असेल तर एका पानावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहावं की हा दोन टोकांच्या लाईटला चालतो का, न्यूट्रल लागतो का, दुसऱ्या टोकाला काय लावायचं आणि कमीत कमी किती वॅट. दुकानदारांनी पण हे चार प्रश्न गिऱ्हाईकाला विचारूनच डबा काढावा. आणि वायरमन लोकांना हात जोडून सांगणं, काम झालं की बोर्डाच्या प्लेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, कुठली वायर काय आहे ते लिहून. आमच्याकडे आता चिकटवलाय. उद्या दुसरा कुणी बोर्ड खोलेल तेव्हा त्याला त्या दोन काळ्या वायरी अजून टू-वेच्या आहेत असं वाटलं तर जीव जाईल.

बेळगावच्या चारी बाजूंना नवीन घरं उठतायत. स्लॅबच्या आधी पाईप टाकताना प्रत्येक बटणाच्या पेटीत न्यूट्रल न्या, जिन्याच्या दोन बोर्डांमधे दोनऐवजी चार वायरी ओढा, आणि लोखंडी पेटी खोल घ्या म्हणजे मागे मॉड्यूल मावेल. तेव्हा त्याचा खर्च वायरीच्या एखाद्या रिंगएवढा येतो. नंतर तेच करायला गिलावा फोडावा लागतो.

वायरमननी माझ्या वहीत काढलेली आकृती मी मराठीत नावं लिहून या पत्रासोबत जोडली आहे. छापता आली तर छापा, आणि छापायच्या आधी एखाद्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. जागा नसेल तर निदान वरचे चार प्रश्न तरी चौकटीत द्या.

आपली नम्र,
एक वाचक, वडगाव, बेळगाव